वीतभर सांधा

भाई,

काल तुझं तेरावं झालं. काळ्या वाटाण्याचं सांबारं बरं झालं होतं, भात मात्र खालून लागला. तेराव्याच्या पंगतीत माणसं मुकाट जेवतात. तू पानावर असतास तर पहिल्याच घासाला नाक वर केलं असतंस.

मला रडू आलेलं नाही. हे मीच आधी सांगते, नाहीतर वाडीतलं कुणीतरी तुझ्यापर्यंत पोचवेल. शेजारची शेवंता रोज संध्याकाळी येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवायची. "सुलू, मोकळी हो गो," म्हणायची. मी तिला विचारायचे, चहा घेतेस का. ती बिचारी चहा पिऊन परत जायची. आत काही हलतच नाही रे. मे महिन्याची सुट्टी लागल्यावर मी कधी कामाला शाळेत गेले तर वर्गात असंच वाटायचं. बाकं आहेत, फळा आहे, आवाज नाही.

कुडाळच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालंय. तू ते ऐकलंस. नळीतून हवा घेत होतास, तरी भुवया एकत्र आणल्यास, होडीवर काम करताना आणायचास तशा. संध्याकाळी मला बोटाने जवळ बोलावलंस आणि म्हणालास, "सुलू, पाणी खंयसून येता ता बघ." मला वाटलं, पाणी कुठून येतंय म्हणजे पावसाची झड आत येतेय म्हणतोस. मी उठले आणि खिडकी लावली. परत आले तर तुझे डोळे मिटलेले. त्यानंतर तू बोललाच नाहीस. बहीण-भावाचं एवढं जन्मभराचं बोलणं, आणि शेवटच्या वाक्यावर मी खिडकी लावून आले.

भेटायला आलेले सगळे तुला 'मिलिट्रीतले' म्हणत होते. एकाने तर तू सीमेवर लढलास असंच ठरवून टाकलं. मी दुरुस्त करत बसले नाही, दमले होते. तू जन्मात बंदूक धरली नाहीस. उंदराला काठी मारायची तरी मला हाक मारायचास. तू मद्रासकडच्या रणगाड्यांच्या कारखान्यात होतास, आणि तिथे तुझं काम एकच, रणगाड्यात पाणी शिरू द्यायचं नाही. नोकरीची सगळी वर्षं तू तेच केलंस. हे लोकांना सांगितलं तर हसतात. रणगाड्यात पाणी कशाला शिरेल, म्हणतात.

त्यांना तुझा इतिहास कुठे माहीत. निवृत्त होऊन आल्यापासून पडवीत बसून तू मला तो रोज सांगितलास, मी वाल सोलत ऐकला, आणि मधूनमधून "हे काल सांगितलंस" असं म्हणून तुझा राग ओढवून घेतला. तू कामाला लागलास तेव्हा भिंतींचा चुना ओला होता. भोवती ताडाची झाडं, लाल धूळ, आणि शेडमध्ये विलायतेहून आलेल्या मोठमोठ्या पेट्या. त्यातले भाग काढून जोडायचे, की झाला रणगाडा. "ता जोडूचा काम होता, करूचा न्हय," असं तू म्हणायचास. मग एकेक भाग इथे होऊ लागला. पोलाद इथलं, ओतकाम इथलं, पट्टे इथले. सगळा इथला असा पहिला रणगाडा फाटकातून बाहेर पडला तेव्हा बायकांनी त्याला ओवाळलं, आणि ओवाळणाऱ्यांत आमची वहिनी होती. त्या दिवसाचं सांगताना तुझा आवाज बदलायचा. वहिनी गेल्यावर तर तू तेवढाच भाग पुन्हा पुन्हा सांगायचास, आणि तेव्हा मात्र मी "काल सांगितलंस" म्हटलं नाही.

मग रशियन आले. त्यांचा रणगाडा नदीच्या तळातून चालत जायचा, वर फक्त हवेचा पाइप. आत माणसं बसलेली आणि त्यांच्या डोक्यावर पाणी. तेव्हापासून तुझ्या खात्याकडे सगळे नीट बघायला लागले. आवारात त्यासाठी मोठं तळं बांधलेलं. त्यात रणगाडा उतरवायचा, पार बुडवायचा, आणि आत थेंब आला की परत शेडमध्ये. थेंब आलाय हे त्या अंधारात कळायचं कसं, तर तू आधी सगळ्या सांध्यांवर आतून खडूची पूड चोळून ठेवायचास. ओल आली की बॅटरीच्या उजेडात पांढऱ्यावर काळा डाग दिसायचा. आणि खडू कुणाचा? माझा. पोरांनी टाकलेले तुकडे मी डब्यात साठवायचे आणि तू रजेवरून परत जाताना डबा ट्रंकेत घालायचास. "मद्रासेत खडू मिळणत नाय काय रे?" म्हटलं तर म्हणायचास, "तुझ्या खडवाची पूड बारीक पडता." देशाच्या संरक्षणाला आमच्या शाळेचे खडू लागले हे एकाही शिक्षणाधिकाऱ्याला कधी कळलं नाही.

दुसरी गोष्ट तू इथून नेलीस ती बाबांची. आपले बाबा खाडीवर होड्या बांधायचे. फळ्यांच्या सांध्यात कापूस ठोकायचा, वर राळ आणि तेल. त्यांचे नियम ठरलेले होते. ज्याने सांधा भरला त्याने पहिल्या पाण्यात होडीत बसायचं, अनवाणी. आणि सांधा गळला तर तो ज्याने भरला त्यानेच उकरून परत भरायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. तू तळ्यात उतरणाऱ्या रणगाड्यात चढून बसलास तेव्हा तुझ्या साहेबांनी विचारलं, तू कशाला? तू म्हणालास, आमच्याकडे असंच असतं. साहेब हसले, पण पुढच्या वेळी त्यांनी स्वतःच विचारलं, भरणारा आत बसलाय ना? मग ती तिथली रीतच झाली. एका मालवणी होडीवाल्याची रीत रणगाड्यांच्या कारखान्यात चालते, हे तू बाबांना पत्रात कळवलंस. बाबांनी मला पत्र दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "लोखंडात कापूस भरतत?" आणि कामाला गेले.

तुझ्याबरोबर आत बसायचा तो मुरुगेसन. त्याला हिंदी येत नव्हती आणि वरचे अधिकारी उत्तरेकडचे. तू म्हणालास, मी शिकवतो. आणि भल्या माणसा, तू त्याला मालवणी शिकवलीस. तुला वाटायचं आपण बोलतो ती थोडीफार हिंदीच. एकदा दिल्लीचे साहेब तळ्यावर आले आणि त्यांनी विचारलं, पानी आया क्या? मुरुगेसन छाती काढून म्हणाला, "येवक नाय." साहेब तुझ्याकडे बघायला लागले आणि तू तळ्याकडे. ही गोष्ट सांगताना तू इतका हसायचास की खोकला लागायचा. शेवटी शेवटी नुसता खोकलाच लागायचा.

एक गोष्ट मात्र तू पुरती सांगितली नाहीस. लढाईवरून परत आलेला एक रणगाडा तुमच्याकडे दुरुस्तीला आला होता, आणि सांधे बघायला तू आत गेला होतास. आत काय होतं, मी विचारलं. तू म्हणालास, "आतसून धुतलेलो होतो." मी वाल सोलत राहिले. नंतर एकदोनदा विषय काढला, पण तू भरती किती वाजता आहे ते विचारायला लागलास. आता विचारायला कुणी नाही. आणि खरं सांगू, काय धुतलं होतं ते मला तेव्हाच कळलं होतं.

पुढे मागण्या कमी झाल्या, शेड रिकाम्या राहू लागल्या. सांध्यांत भरायला नळीतून येणारं कसलंसं रबर आलं. तू निवृत्त झालास. त्यानंतर कितीतरी वर्षांनी कारखान्याची कंपनी झाल्याचं पेपरात आलं. तू पेपर वाचलास, नीट घडी घातलीस आणि मांगराच्या छपराखाली जाऊन होडीवर ठोकत बसलास. दुपारी जेवायला हाक मारली तर "हो" म्हणालास आणि आला नाहीस.

आता होडीचं. ते टाळून चालणार नाही.

ती बाबांची शेवटची होडी. दुसऱ्या कुणासाठी नाही, घरची म्हणून बांधलेली. बाबांचा आणखी एक नियम होता. शेवटचा वीतभर सांधा मोकळा सोडायचा, तो ज्याची होडी त्याने आपल्या हाताने भरायचा. ती वीत त्यांनी तुझ्यासाठी सोडली होती. भाई येतलो, भरतलो, म्हणायचे. तू रजेवर आलास की चार दिवस पाहुण्यासारखा राहायचास आणि पुढच्या खेपेला भरतो म्हणायचास. मग बाबा गेले. होडी मांगरात राहिली. मी लग्न केलं नाही, शाळा केली, आणि शाळेतून आले की त्या होडीवरची कौलं गळतात का ते बघितलं. दरवर्षी लाकडाला मुशी माशाचं तेल मीच लावलं. त्या वासाने माझ्या वर्गातली पोरं नाक दाबायची.

तू कायमचा परत आलास आणि होडीला हात घातलास. कुजलेल्या फळ्या बदलल्यास, सांधे उकरलेस, भरलेस. फळ्या फुगायला ओली गोणपाटं घालून ठेवलीस. सगळं झालं. मग एक दिवस मला मांगरात नेलंस, मागच्या टोकाची ती वीत दाखवलीस, मोकळीच होती, आणि बाबांची छिन्नी माझ्या हातात दिलीस.

"ही तू भर."

"मी कित्याक? बाबांनी ती तुझ्यासाठी ठेवल्यानी."

"होडी तू राखलंस. तुझी ती."

"भाई, बाप वाट बघान गेलो. तू त्याचा काम टाकून गेल्लंस, आता माझ्या गळ्यात घालू नको."

तेव्हा तू चिडलास. तू चिडलास की आवाज खाली यायचा. "टाकून गेलंय? थंय ताच काम करी होतंय मी. जलमभर."

मी म्हटलं, लोखंडात. तू म्हटलंस, पाणी दोन्हीकडे तेच. मी छिन्नी ठेवली आणि भात बघायला गेले.

मग तेच रोजचं झालं. पावसाआधी भर. पावसानंतर बघू. गणपती होऊ दे. मी भरली असती तर तू बाबांना सोडून गेलास ते मी माफ केलं असं झालं असतं. तू भरली असतीस तर तू सोडून गेला होतास हे तू कबूल केलं असं झालं असतं. दोघांनाही हे कळत होतं. आपण दोघं एका वीतभर सांध्यावर म्हातारे झालो, भाई. गणपती गेले, आणि त्याच आठवड्यात तू दवाखान्यात.

मंदार आला. तुझा मुलगा वाईट नाही, सगळं नीट केलं त्याने. फक्त तो इथे राहणारा नाही. परवा म्हणाला, "आत्या, होडी इथे कुजून जाईल. देवबागकडे एकजण होमस्टे काढतोय, त्याला हवी आहे. अंगणात ठेवेल, रंग देईल. आत माती घालून फुलझाडं लावणार म्हणाला. छान दिसेल."

"होडयेत माती?" मी म्हटलं.

"माझे बाबा नाहीत, आता कोण वापरणार ती?"

मला होडी चालवता येत नाही. मी मान डोलावली. टेम्पो आज सकाळी येणार असं ठरलं. मला वाईटसुद्धा वाटलं नाही, कशाचंच काही वाटत नव्हतं. ठरलं तर ठरलं.

परवाच संध्याकाळी मुरुगेसन आला. मंदारने कळवलं होतं त्याला. गुडघे गेलेत त्याचे, तरी गाड्या बदलत एकटा आला. कुडाळला उतरून रिक्षावाल्याशी तुझ्या हिंदीत बोलला, आणि रिक्षावाल्याने त्याला गाववाला समजून घरापर्यंत आणून सोडला. त्याची हिंदी चालते असं एकच ठिकाण भारतात आहे हे त्याला या वयात कळलं. दारात मला बघून हात जोडले आणि म्हणाला, "अम्मा, भाई खंय?" मग स्वतःच्याच लक्षात आलं, आणि पायरीवर बसला.

काल पंगती उठल्यावर त्याने होडी दाखव म्हटलं. आत हात घालून एकेक सांधा चाचपत गेला. ती वीत आली आणि थांबला. मी सांगितलं, हे असं असं आहे, उद्या टेम्पो येणार आहे. त्याला किती समजलं माहीत नाही. पण पाण्यात न घालताच होडी जाणार हे समजलं. तो मान हलवायला लागला. "टेस्ट नाय?" म्हणाला. "टेस्ट नाय तर गेटाभायर नाय."

मला काय झालं सांगता येत नाही. मी घरात गेले आणि बाबांची छिन्नी घेऊन आले. मांडीवर कापसाची वात वळली, बाबा वळायचे तशी. राळ आणि तेल गरम केलं. लाकडी हातोडीने ठोकायला लागले. कापूस कधी आत जाई, कधी अर्धा बाहेर राही. मुरुगेसनचा हात सारखा पुढे यायचा आणि तो मागे घ्यायचा. शेवटी त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले. वीतभरच ती, पण संपता संपेना. संपली तेव्हा बोटं भाजली होती. तुला शिव्या घातल्या मी, मनात नाही, मोठ्याने. मुरुगेसनला त्या सगळ्या समजल्या. त्याही तूच शिकवलेल्या.

आज सकाळी भरतीला होडी उतरवली. वाडीतल्या चौघांनी ढकलली, दोरी माडाला बांधून ठेवली. त्याआधी मी डब्यातले उरलेले खडू खलबत्त्यात कुटले आणि मुरुगेसनने सगळ्या सांध्यांवर आतून पूड चोळली. चपला काठावर काढल्या. मी आत बसले, समोर तो बसला. मंदार काठावर उभा होता, त्याच्यामागे रस्त्यावर टेम्पो. होडी जरा हलली आणि थांबली. जन्म खाडीकाठी गेला आणि मी पहिल्यांदा बाबांच्या होडीत बसले होते. मुलींना नेत नसत ना.

एकेक सांधा बघत गेलो. तुझे सगळे पांढरे होते, भाई. पार टोकापर्यंत पांढरे. मग मागचं टोक आलं. तिथे एक काळा ठिपका होता. बघता बघता तो पसरला, लांबला, आणि त्यातून एक थेंब सुटून माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडला.

मुरुगेसनने वाकून बघितलं. तळ्यावर बघत असेल तितक्याच गंभीरपणे. "रिजेक्ट," म्हणाला. मग माझ्याकडे बोट केलं. "अम्मा, तुमीच भरूचा. मी हात लावचंय नाय."

मला हसू आलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, वाडीतल्या माणसांदेखत, हसू. शेवंता काठावरून बघत होती, तिने नक्की काहीतरी वेगळंच समजून घेतलं असणार.

मंदार म्हणाला, "झालं ना आत्या? टेम्पोवाला थांबलाय."

मी म्हटलं, "ही होडी पास झालेली नाही. नापास माल फाटकाबाहेर जात नाही."

तो कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला पोरगा. हे वाक्य त्याने जेवताना, झोपताना, गणिताचा पेपर दाखवताना ऐकलेलं. तो माझ्याकडे बघतच राहिला, मग त्याचं तोंड वेडंवाकडं झालं आणि तो वळून टेम्पोवाल्याकडे गेला. टेम्पो रिकामा गेला. दुपारच्या गाडीने मंदारही गेला. जाताना माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "आत्या, पास झाली की कळव." बोलताना तुझ्यासारखाच आवाज खाली आला होता.

मुरुगेसन आता पडवीत, तुझ्या जागेवर झोपलाय. होडी परत मांगरात आली. मी ती वीत उकरून ठेवली आहे, उद्या उन्हात सुकली की परत भरीन. परत गळेल. परत उकरीन. तो म्हणतो, पास होईपर्यंत राहतो.

आपलं भांडण मिटलं असं मात्र समजू नकोस. बाबांनी ती वीत तुझ्यासाठीच सोडली होती, आणि तू यायला हवं होतंस, हे मी अजून म्हणते. पण तू तिथेही त्यांचंच काम करत होतास, हेही आता म्हणते. तुझे सांधे मी हात लावून बघितले. ते शिकायला मद्रासला जावं लागलं असेल तर असेल.

आणि दवाखान्यातलं तेवढं राहिलंय. तू विचारलंस आणि मी खिडकी लावली. आज नीट बघून आले. पाणी खंयसून येता ता बघलंय, भाई. माझ्याकडसून येता.